वाचकांचे प्रश्न: व्हिएतनामी बर्फाची कॉफी घरी करताना

या वेळच्या पत्रांमध्ये व्हिएतनामी कॉफीबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. फिनमधून (ग्लासवर ठेवायच्या व्हिएतनामी धातूच्या गाळणीतून) कॉफी उतरतच नाही, उतरली तर पाणचट लागते, कंडेन्स्ड मिल्क तळाशी चिकटून बसतं, अशा तक्रारी आहेत. बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: कॉफी बर्फाचं पाणी हिशेबात धरून केलेली नसते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: नवीन फिन घेतलं आहे. पहिल्यापासून, मापांसकट कृती सांगाल का?

फिनचे भाग मोजकेच असतात. ग्लासवर टेकणारी तबकडी, तिच्यावरचं भोकं पाडलेल्या बुडाचं छोटं भांडं (बऱ्याच फिनमध्ये ही दोन्ही जोडलेलीच येतात), पुडीवर ठेवायची भोकांची चकती आणि झाकण. खालची मापं साधारण १२० मिली मावणाऱ्या, एका माणसाच्या फिनसाठी आहेत.

कॉफीची पूड २० ग्रॅम घ्या, म्हणजे सपाट चार टेबलस्पून. कंडेन्स्ड मिल्क ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन टेबलस्पून. गरम पाणी एकूण ११० मिली. बर्फ १५० ते १८० ग्रॅम, उंच ग्लास काठापर्यंत भरेल इतका. शक्य असेल तर पहिले काही दिवस वजनकाटा वापरा. पुडीच्या चमच्याचं काही खरं नसतं. जाड दळण आणि बारीक दळण यांच्या एका चमच्यात एक-दीड ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि चार चमच्यांत तो चार ते सहा ग्रॅमवर जातो.

लहान, जाड काचेच्या ग्लासात आधी कंडेन्स्ड मिल्क घाला. फिन गरम पाण्याने विसळून घ्या, कारण पातळ धातूचं थंड भांडं पाण्यातली बरीच उष्णता पहिल्याच घोटाला खाऊन टाकतं. आता पूड भरा आणि भांडं हलकेच हलवून ती सपाट करा. ओट्यावर ठोकू नका, ठोकल्याने बारीक भुकटी तळाच्या भोकांवर जाऊन बसते. चकती ठेवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, ते ९५ अंशांच्या आसपास येईल. त्यातलं फक्त २५ मिली चकतीवर गोल फिरवत ओता आणि ४० सेकंद हात लावू नका. पूड फुगते, भाजणीत अडकलेला वायू बाहेर पडतो आणि सगळी पूड सारखी भिजते. ही पायरी गाळली तर पाणी कोरड्या पुडीतून वाट काढत एकाच बाजूने खाली जातं आणि उरलेली पूड वाया जाते.

मग राहिलेलं ८५ मिली पाणी ओता, झाकण ठेवा आणि घड्याळ लावा. कॉफी ४ ते ५ मिनिटांत उतरायला हवी. फिनला बरीच भोकं असल्याने थेंब एकामागून एक भराभर पडतात, ते मोजत बसण्यात अर्थ नाही. फक्त सलग धार लागलेली नको. वीस ग्रॅम पूड आपल्या दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ११० मिली ओतून ग्लासात ६५ ते ७० मिलीच येईल. ते कमी पडलं असं समजून वरून आणखी पाणी ओतू नका, त्यातून निव्वळ कडवट पाणी उतरतं.

झाकण टेबलावर उलटं ठेवा आणि त्यावर फिन काढून ठेवा, म्हणजे डाग पडत नाहीत. झाकणाला खोलगट काठ असतो तो यासाठीही उपयोगी पडतो. कॉफी गरम असतानाच तळापासून ढवळा, काळं-पांढरं जाऊन एकसारखा बदामी रंग आला पाहिजे. मग बर्फाने भरलेल्या उंच ग्लासात ओता.

प्रश्न: कृतीप्रमाणे सगळं करूनही बर्फ घातला की कॉफी पाणचट होते. बर्फ कमी घालावा का?

उलट करा, बर्फ वाढवा. हिशेब पाहा. फिनमधून उतरेपर्यंत कॉफी साधारण ६० अंशांवर आलेली असते. ६५ मिली कॉफी ६० अंशांवरून शून्याच्या जवळ आणायला ४५ ते ५० ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो. तुम्ही ग्लासात चार तुकडे घाला की चौदा, पहिल्या मिनिटात वितळणारा बर्फ जवळपास तेवढाच असतो. फरक नंतर पडतो. चार तुकडे घातलेत तर ते सगळे संपतात, कॉफी गारही होत नाही आणि पाणी मात्र पूर्ण मिसळतं. ग्लास भरून बर्फ असला तर कॉफी झटकन गार होते आणि उरलेला बर्फ पुढे हळूहळू वितळत राहतो.

म्हणजे ५० मिली पाणी येणार हे धरूनच कॉफी कडक करायची असते. ६५ मिली कॉफी, ३० मिलीच्या आसपास कंडेन्स्ड मिल्क आणि ५० मिली वितळलेलं पाणी मिळून जेमतेम दीडशे मिली होतं. व्हिएतनाममधल्या टपरीवरचा ग्लास मोठा दिसतो, पण त्यात पेय एवढंच असतं, बाकी बर्फ. गरम असताना चाखून ‘फारच कडक झाली’ वाटली तर ती बरोबर झाली आहे.

बर्फ फ्रीझरमधून थेट काढलेला, कोरडा हवा. दहा मिनिटं बाहेर राहून ओलसर चकाकणारा बर्फ स्वतःबरोबर पाणी घेऊन येतो. तुकडे मोठे असतील तर उत्तम. कॉफीचेच बर्फाचे तुकडे करून वापरायची एक युक्ती सांगितली जाते. पाणचटपणा जातो हे खरं, पण गोठवलेल्या कॉफीला शिळी, राखेसारखी चव येते आणि फ्रीझरमधले वासही ती ओढून घेते. माप नीट असेल तर या उठाठेवीची गरज नाही.

प्रश्न: माझ्या फिनमधून कॉफी थेंबभरही खाली येत नाही. मैत्रिणीच्या फिनमधून दीड मिनिटात सगळी वाहून जाते. दोघींनी एकाच पाकिटातली पूड वापरली.

पूड एकच असूनही असं होतं, कारण फिन दोन प्रकारची असतात. एकात चकती नुसती पुडीवर ठेवायची असते, आपल्या वजनाने बसते. दुसऱ्यात मधोमध आटे असलेली दांडी असते आणि चकती तिच्यावर फिरवून घट्ट करायची असते. तुमच्याकडे बहुधा स्क्रूचं फिन आहे आणि तुम्ही ते कोरड्या पुडीवर घट्ट आवळलं आहे. पूड भिजली की फुगते, तिला वर सरकायला जागा मिळत नाही आणि तिची घट्ट वडी होते. पाणी तिच्यातून जाणार कसं? चकती पुडीला नुसती टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पाव फेरा मागे घ्या. आत्ता, या क्षणी अडकलेलं असेल तर चमच्याच्या टोकाने चकती पाव ते अर्धा फेरा सैल करा, थेंब सुरू होतील.

साध्या चकतीच्या फिनमध्ये अडकलं तर चकती चमच्याने किंचित उचलून पुन्हा टेकवा. वरून दाबू नका. दाबल्यावर एकदा भसकन कॉफी उतरते आणि पुन्हा जास्तच तुंबते. तबकडी ओल्या ग्लासच्या काठावर हवाबंद बसली असेल तरी प्रवाह थांबतो, कारण खालची हवा बाहेर जात नाही; फिन जरासं सरकवून पाहा. एवढ्यानेही भागलं नाही, तर दळण फार बारीक आहे.

मैत्रिणीची अडचण उलटी आहे. पूड कमी भरली गेली असेल, म्हणजे थर पातळ. किंवा चकती भांड्यापेक्षा लहान असल्याने कडेने फट राहते आणि पाणी पुडीला वळसा घालून निसटतं. किंवा भिजवायची पायरी गाळली असेल. आधी पूड २० ग्रॅम भरते का ते बघावं, मग पहिलं पाणी २५ मिलीच घालून ४० सेकंद थांबावं. तरीही दोन मिनिटांच्या आत उतरत असेल तर दळण एक पायरी बारीक करावं.

दळणाचं माप डोळ्याने ओळखता येतं. फिनसाठी पूड बारीक रव्याहून जराशी जाड, बोटांत चोळली तर कणकण जाणवणारी हवी. मैद्यासारखी मऊ लागली तर ती एस्प्रेसोची, फिनमध्ये तुंबणार. एका वेळी एकच गोष्ट बदला, दळण आणि चकती दोन्ही एकदम हलवलीत तर कशाने फरक पडला ते कळत नाही. नवशिक्यांनी साध्या चकतीचंच फिन घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. स्क्रूचं फिन हाताला सवय झाल्यावर जास्त ताबा देतं, पण तोवर छळतं.

प्रश्न: पाकिटावर रोबस्टा लिहिलेलं असतं. रोबस्टा हलकी आणि अरेबिका चांगली असं ऐकलं आहे. मग इथे अरेबिका का वापरू नये?

रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती. अरेबिका वापरायला मनाई नाही, पण ती कंडेन्स्ड मिल्कपुढे टिकत नाही. अरेबिकाची खासियत तिच्या फळासारख्या आंबटपणात आणि सुगंधात असते. दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ यांच्याखाली ते दोन्ही दबतं आणि हाती गोड, थंड दूध राहतं. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, साखर आणि तेल कमी. म्हणून ती कडवट, जड आणि चॉकलेटच्या वळणाची लागते. तो कडवटपणाच गोडव्याला धरून ठेवतो.

शिवाय व्हिएतनाममध्ये पिकते तीही प्रामुख्याने रोबस्टाच. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ मध्ये तिथे कॉफी नेली. मोठी लागवड मात्र १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर मध्य पठारावर झाली. डाक लाक प्रांत आणि त्यातलं बुओन मा थुओत शहर हे तिचं केंद्र. आज ब्राझीलनंतर सर्वांत जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतो आणि रोबस्टात तर तो पहिलाच. उंचावरच्या दा लात भागात अरेबिकाही होते. रोबस्टात ती २०-३० टक्के मिसळलेली पाकिटं मिळाली तर वास छान येतो आणि कडकपणाही राहतो.

भाजणी गडद हवी. इथे एक खबरदारी. व्हिएतनामी पारंपरिक पद्धतीत भाजताना किंवा भाजल्यावर दाण्यांना लोणी, साखर, कधी तांदळाची दारू, व्हॅनिला किंवा कोको लावतात. ‘दुकानातल्यासारखा’ जो लोण्यासारखा, खरपूस वास लोक घरी शोधत असतात तो बरेचदा यातून येतो, साध्या गडद रोबस्टातून तो येणार नाही. हे खोटंनाटं नव्हे, पद्धत आहे. पण स्वस्त पुडीत भाजलेला मका किंवा सोयाबीनही मिसळला जातो. अशी कॉफी काळी, दाट दिसते आणि तिच्यावर टिकाऊ फेस येतो, चव मात्र करपट धान्याची असते. पाकिटावरचे घटक वाचा. डबीवर ‘चिकोरी’ (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) दिसली तर तीही व्हिएतनामची रीत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिएतनामी लोकांनी न्यू ऑर्लिन्सची चिकोरी घातलेली ‘कॅफे द्यू मोंद’ कॉफी आपलीशी केली, तिथून ती पाककृतींमध्ये आली. चव जवळची लागते, पण फिनमध्ये ती जास्त तुंबते, कारण चिकोरी पाणी पिऊन मऊ होते.

प्रश्न: कंडेन्स्ड मिल्कऐवजी दूध आणि साखर चालेल का? आणि उघडलेला डबा किती दिवस ठेवावा?

चालेल, पण ते वेगळं पेय होईल. कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधातलं बरंचसं पाणी आटवलेलं असतं. तेवढाच दाटपणा साध्या दुधाने आणायचा तर दूध इतकं घालावं लागतं की कॉफी पुन्हा पातळ होते, वर बर्फाचं पाणी आहेच. व्हिएतनामसारख्या उष्ण, दुभत्या जनावरांची फारशी परंपरा नसलेल्या देशात फ्रेंच अमदानीत ताजं दूध टिकत नव्हतं, म्हणून डब्यातलं आलं आणि चवीमुळे राहिलं. डबा घेताना साखर घातलेलाच घ्या. नुसतं आटवलेलं, बिनसाखरेचं दूधही तशाच डब्यात मिळतं आणि गडबड होते.

गोड कमी हवं असेल तर २० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घ्या, पण मग पूडही १६ ग्रॅमवर आणा, नाहीतर कडवटपणा उघडा पडेल. चाळीस ग्रॅममध्ये दुधातली नैसर्गिक साखर धरून सुमारे २२ ग्रॅम साखर असते, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात घ्यावं. त्यांनी सरळ काळी, बर्फ घातलेली कॉफी प्यावी. तीही व्हिएतनाममध्ये तितकीच प्यायली जाते.

उघडल्यावर डब्यात ठेवू नका. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन आठवडे निर्धास्त. फ्रिजमधलं थेट वापरलं तर ते घट्ट असल्याने कॉफीखाली गोळा होऊन बसतं. फिन लावण्याआधी ग्लास गरम पाण्याच्या वाटीत उभा ठेवा. हनोईत गरम दूधकॉफी अशीच, वाटीतल्या गरम पाण्यात कप ठेवून देतात. बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क आधी एकाच ग्लासात घालून वर फिन लावलं तर मात्र काही उपाय नाही, थंडीने दूध काचेला चिकटतं आणि कॉफी वर तरंगत राहते.

प्रश्न: घरी पाच-सहा जण आले तर? सहा फिन घ्यायचे का?

नको. मोठं फिन घेतलंत तर थर जाड होऊन कॉफी दहा-बारा मिनिटं उतरत राहते आणि कडवट, कोमट होते. त्यापेक्षा फ्रेंच प्रेस काढा. १०० ग्रॅम जाडसर दळलेली पूड, ५५० मिली उकळतं पाणी, एकदा ढवळून पाच मिनिटं, मग दट्ट्या सावकाश खाली. सुमारे ३५० मिली दाट कॉफी मिळेल, ती पाच ग्लासांना पुरते. गाळणीतून एकदा गाळा. सायगावात (आजचं हो ची मिन्ह शहर) कापडी पिशवीतून कॉफी गाळायची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते, ती मुळात अशीच अनेकांसाठी एकदम करण्याची सोय आहे.

मोका पॉट (गॅसवर ठेवायची, वाफेच्या दाबाने कॉफी काढणारी किटली) असेल तर तोही चालतो. त्याची कॉफी फिनइतकी दाट नसते, म्हणून ग्लासला ९० मिली घ्या आणि ती जरा निवू द्या म्हणजे बर्फ कमी वितळेल. इन्स्टंटने मात्र काम भागत नाही. पूर्वतयारी करायची तर काळी कॉफी बंद बाटलीत फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. कंडेन्स्ड मिल्क आदल्या दिवशीच गरम कॉफीत ढवळून ठेवा. थंड कॉफीत ते विरघळवायला हात दुखेपर्यंत ढवळावं लागतं.

प्रश्न: ग्लासच्या तळाशी गाळ राहतो. कागदी फिल्टर घालू का?

थोडा गाळ राहणारच, धातूच्या भोकांची ती मर्यादा आहे. खूप असेल तर पूड बारीक चाळणीत दोन-चार हेलकावे देऊन खाली पडणारी भुकटी बाजूला काढा. कागद गोल कापून तळाशी घालता येतो, पण तो तेल शोषतो आणि आधीच संथ असलेला प्रवाह आणखी मंद करतो.

प्रश्न: संध्याकाळी एक ग्लास प्यायलं तर रात्री दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. एवढं काय असतं त्यात?

ग्लास लहान दिसला तरी त्यात २० ग्रॅम रोबस्टा आहे. रोबस्टात कॅफीन साधारण दोन टक्के धरलं तर पुडीत ते ४०० मिलिग्रॅम होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पेल्यात उतरतं. म्हणजे एका ग्लासात २०० मिलिग्रॅमच्या पुढे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल असं म्हटलं आहे. त्यामुळे दिवसाला एकच ग्लास, तोही दुपारच्या आत. गरोदरपणात हा ग्लास टाळावा. गोड आणि गार असल्याने ही कॉफी सरबतासारखी घटाघट प्यायली जाते, तिथेच फसगत होते.

संध्याकाळी पिण्यासाठी सायगावचं ‘बाक सिऊ’ करून बघा. ३० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १०० मिली गरम दूध आणि फिनमधली कॉफी फक्त २५ मिली. भरपूर बर्फ. चव दुधाची, वास कॉफीचा.

प्रश्न: मीठ घातलेल्या आणि अंड्याच्या कॉफीबद्दल वाचलं. घरी जमेल का?

मिठाची सोपी आहे. ही ह्वे शहरात २०१० मध्ये सुरू झाली. ६० मिली थंड व्हिपिंग क्रीम, एक चमचा कंडेन्स्ड मिल्क आणि पाव चमच्याहूनही कमी, बोटांच्या चिमटीतलं मीठ एकत्र फेटा. क्रीम चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपतच फेटायचं, कडक झालं तर ते वर गोळ्यासारखं बसतं आणि घोटात येत नाही. वरच्या कृतीने केलेल्या कॉफीत कंडेन्स्ड मिल्क २० ग्रॅमच घ्या आणि बर्फावर हे क्रीम सोडा. मीठ कडवटपणा झाकतं, त्यामुळे रोबस्टा न झेपणाऱ्यांनाही ही आवडते.

अंड्याची हनोईची. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान झांग यांनी दुधाच्या जागी फेटलेलं बलक वापरलं. एका बलकात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून विजेच्या फेटणीने चार-पाच मिनिटं, फिकट पिवळं आणि तिप्पट होईपर्यंत फेटा आणि गरम कॉफीवर ओता. हाताने फेटून अंड्याचा वास जात नाही. बलक कच्चंच राहतं, म्हणून लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांसाठी करू नका. ही कॉफी गरमच छान, बर्फावर फेस लवकर बसतो.

प्रश्न: अॅल्युमिनियमचं फिन काळं पडलं आहे. फेकून द्यावं का?

डिशवॉशरमध्ये किंवा सोड्याच्या पाण्यात धुतलं गेलं असावं, त्यानेच अॅल्युमिनियम काळवंडतं. पाण्यात लिंबाचा रस किंवा चमचाभर व्हिनेगर घालून फिन दहा मिनिटं उकळा, बराचसा रंग परत येईल. पुढे फक्त गरम पाणी आणि मऊ ब्रश. भोकांत तेलकट भुकटी बसली असेल तर फिन उजेडासमोर धरा, बंद भोकं लगेच दिसतात. ती टाचणीने आतून बाहेर मोकळी करा. नवीन फिन असेल तर पहिली कॉफी उतरवून टाकून द्या, यंत्राच्या तेलाचा वास तिच्याबरोबर जातो.